माठाखालचा डबा

दादा, तुझ्या तेराव्याला मिलमधून हार आला. फुलांचा नाही, चंदनाच्या सालींचा, कायम टिकणारा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेला. घेऊन आलेल्या माणसानं तो स्वतःच्या हातानं तुझ्या फोटोला घातला, दोन पावलं मागं सरून नीट बसलाय का ते पाहिलं आणि म्हणाला, "भास्करभाई जेवो कलर मास्टर आखा पांडेसरामां नथी." तुझ्यासारखा कलर मास्टर अख्ख्या पांडेसऱ्यात नाही म्हणे. ज्या मिलनं तुला दीड वर्षापूर्वी कलर किचनमधून, म्हणजे रंग कालवायच्या खोलीतून, उठवून साड्यांच्या घड्या घालायला बसवलं, त्या मिलचा माणूस हे बोलत होता. मी त्याच्यापुढे चहा ठेवला. कप त्याच्या अंगावर ओतला नाही, कारण तसा मला अधिकार नव्हता. तुला तिथून उठवलं ते माझ्या सहीच्या कागदानं.

हे एकदा स्पष्ट लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. तुझी बहीण नलिनी, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पाण्यात तरंगणारे बारीक कण, आणि ते पाणी उडून जाताना पातळाचं घट्ट कसं होतं, हा तिचा अभ्यासाचा विषय. वीस वर्षं ती यावर शोधनिबंध लिहिते. आणि तू, तिचा सख्खा भाऊ, दिंडोलीत राहून पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये तीस वर्षं छपाईचे रंग कालवत होतास. विषय एकच. तू मला चिडवायचास, "नली, तुन्ही लॅब म्हंजे पगारी कलर किचन. फक्त रंग कोनालेच लागत नही."

मला हे सगळं पहिल्यांदा तूच दाखवलंस. आपण नवागामच्या एका खोलीत राहत होतो. तू मिलमध्ये नवा लागला होतास. काजळाच्या रिकाम्या डबीत थोडासा खडीचा रंग घरी आणायचास. साडीवर बोटाला लागेल असा उठून दिसणारा तो जाड पांढरा रंग, पांढऱ्या भुकटीचा आणि तिला धरून ठेवणाऱ्या चिकाचा. फुटक्या आरशाच्या तुकड्यावर तू त्याचा एक थेंब टाकलास आणि मला शेजारी बसवलंस. दर थोड्या वेळानं काच तिरकी करायचास. "आते चालस," म्हणायचास. थेंब खाली सरकायचा. परत थोडं थांबून, "आते बी चालस." आणि मग एकदा काच तिरकी केलीस, अगदी उभी धरलीस, तर थेंब जागचा हलला नाही. "आते बठना," तू म्हणालास.

मी म्हटलं, बसला म्हणजे वाळला. तू आईची सुई घेतलीस, थेंबाच्या पोटात टोचलीस आणि बाहेर काढून माझ्या तळहाताला लावलीस. ओली होती. "वाळना नही. बठना. पानी अजून मधमाच शे, पन आते तो पातळ नही." मी विचारलं, असं कसं? तू डोकं खाजवलंस आणि म्हणालास, सकाळच्या टेम्पोत माणसं भरतात तसं. चार माणसं असतात तेव्हा सगळी इकडून तिकडे डुलतात. भरत भरत अशी एक वेळ येते की कुणी कुणाला धरलेलं नसतं, तरी कुणाला हलता येत नाही. पुढे जाड जाड पुस्तकांत हीच गोष्ट मी परक्या भाषेत वाचली आणि गणितात सोडवली. प्रत्येक वेळी डोळ्यापुढे नवागामचा टेम्पोच यायचा. हे मी कुठल्याही निबंधात लिहिलं नाही. तुझं नाव कुठे घालायचं, याची त्यात सोय नसते, असं मी स्वतःला सांगत असे.

दुसरा धडा सायीचा. तू एकाच रंगाचे दोन थेंब टाकलेस. एक सावलीत ठेवलास, एक चुलीवरून नुकत्या उतरवलेल्या तव्याजवळ. तव्याजवळच्या थेंबाला बघता बघता साय आली. वरून कडक, आत ओला. मग आतलं पाणी उडायला लागलं, आतला रंग आकसला, पण वरची साय तर आधीच बसलेली. तिला आकसता येईना. ती तडकली. सावलीतला थेंब सगळा मिळून हळूहळू आकसला आणि गुळगुळीत राहिला. "रंग तोच शे," तू म्हणालास. "घाई वाईट." आणि मग तुझा नियम सांगितलास. पिंपातल्या रंगावर साय धरली तर ती हातानं उचलून फेकायची. ढवळायची नाही. ढवळली की वरून सगळं पातळ दिसतं, पण त्या सायीच्या गाठी पुन्हा कधी विरघळत नाहीत. "साय खानी व्हई त हलवाईकडे जा," असं तू नव्या कामगारांना ओरडायचास, हे वहिनी हसून सांगायची.

आणि त्या सहीच्या कागदावर मी लिहिलं काय? "मास्टरनं साय ढवळून रंग वापरला."

सणाच्या तोंडावर मिलच्या साड्यांचा एक मोठा लॉट परत आला. खडी तडकून गळत होती. शेठनं मला फोन केला. "बेन, तमे तो घरनां ज छो," म्हणाला, तुम्ही तर घरच्याच. मला गुदगुल्या झाल्या, दादा. खोटं कशाला बोलू? मिलनं मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. मी ऑफिसात खुर्चीवर बसले होते आणि तू दारात उभा होतास, कोपरापर्यंत पांढरे हात, अंगावर तो डागाळलेला अॅप्रन. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मला वाटलं, बहिणीचा अभिमान वाटतोय, म्हणून लाजतोय. तू एवढंच म्हणालास, "चेंबरनी गरमी दखा." म्हणजे छापलेलं कापड ज्या तापलेल्या चेंबरमधून सुकवून काढतात, त्याची उष्णता तपासा. शेठ म्हणाला, चेंबर बरोबर आहे. मी वहीत काहीच लिहिलं नाही.

नंतर मिलच्या माणसानं माझ्याकडे एका बरणीत त्या लॉटचा उरलेला रंग आणून दिला. मी तो गाळला. गाठी निघाल्या. सायीच्याच गाठी, त्यात शंका नाही. मग काय, दोन आणि दोन चार. शुद्ध, सुंदर इंग्रजीत सहा पानं लिहिली. शेवटच्या पानावर निष्कर्ष, त्याखाली सूचना, त्याखाली सही.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पहिल्याच तासाला सांगते की नमुन्याला आधी त्याचा पत्ता विचारा. तुला कुणी भरलं, कधी भरलं, कशात भरलं, तोवर कुठे होतास? मी त्या बरणीला काही विचारलं नाही. ज्या माणसाला विचारायचं तो माझा भाऊ होता, आणि भावाला विचारलं तर पक्षपात होईल, असं मी मनाशी ठरवलं होतं. किती उंच विचार! आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तो कागद घेऊन तू माझ्या घरी आलास. तापीच्या या बाजूला, अडाजणला, तू एरवी कधी पाय ठेवत नव्हतास. इथल्या सोफ्यावर बसलं की पाठ दुखते, हे तुझं नेहमीचं कारण. त्या दिवशी तू बसलाच नाहीस. खिशातून घडी घातलेला कागद काढलास आणि म्हणालास, "हाऊ कागद माले अहिरानीमा वाचीसन दखाड."

मी म्हटलं, दादा, मराठीत सांगते ना. तू मान हलवलीस. "तू जी भाषामा माले दादा म्हनस, ती भाषामा वाच."

मला जमेना. भाषा विसरले होते असं नाही. 'निष्काळजीपणा', 'प्रक्रियेतील त्रुटी', 'संबंधित कर्मचारी', हे शब्द अहिराणीत तुझ्या तोंडावर म्हणायला जीभ वळेना. मी मराठीत वाचायला लागले, मधेच थांबले, परत सुरू केलं. तू ऐकून घेतलंस. मग कागद माझ्या हातून काढून घेतलास आणि विचारलंस, "म्हंजे चूक मन्ही शे. आसंच लिखेल शे ना?"

मी म्हटलं, "दादा, नमुना खोटं बोलत नाही."

"मी साय ढवळत नही," तू म्हणालास. "तुले ठाऊक शे." आणि चपला घालून निघून गेलास. तुझा चहा ओट्यावर तसाच राहिला. मला रागच आला होता, खरं सांगते. मला वाटलं, शिकलेल्या बहिणीचं ऐकून घेणं याला जड जातंय.

त्यानंतर तुला घडीखात्यात बसवलं. ज्या बोटांना पिंपात बुडवल्याबरोबर रंगाची जाडी कळायची, ती बोटं साड्यांच्या घड्या घालायला लागली. त्याहून वाईट म्हणजे माझ्या अहवालाचं शेवटचं पान शेठनं हिंदीत करवून, लॅमिनेट करून कलर किचनच्या दारावर लावलं. 'मलाई को घोल में न मिलाएँ.' तू मला शिकवलेला नियम, माझ्या नावानं, तुझ्या दारावर. घडीखात्यात जायची वाट त्या दारावरूनच आहे. तू रोज तिथून जायचास. हे मला तू सांगितलं नाहीस, वहिनीनं सांगितलं, तेही सहा महिन्यांनी.

कारण तू काही सांगतच नव्हतास! यावर मला तुझ्याशी भांडायचं आहे, मेलास म्हणून सोडणार नाही. दोन शिव्या हासडल्या असत्यास तर बरं झालं असतं. आईसमोर लहानपणी माझी वेणी ओढून ओरडायचास, तसं ओरडायचं होतंस. तू मूग गिळून बसलास. दिवाळीला वहिनीच्या हाती फराळ पाठवलास, स्वतः आला नाहीस. मी फोन केला की "बरं शे" म्हणून वहिनीकडे द्यायचास. मी प्रत्येक सणाला काहीतरी घेऊन यायचे, गोड बोलायचे, वरवर सगळं पातळ करायला बघायचे. तू माझ्याकडे पाहायचास ते साय ढवळलेल्या पिंपाकडे पाहिल्यासारखं. तुझा ताठाही काही कमी नव्हता, दादा. मोठेपणा मिरवण्याची तुझी ती एक तऱ्हा होती, गप्प बसून समोरच्याला झुरवायचं.

पण मी झुरत होते ते वेगळ्या कारणानं, आणि ते तुला कळलं नाही. कळलं असेल तर तूही निर्दय होतास.

दादा, मला कळलं होतं. गेल्या उन्हाळ्यात. वर्गात दाखवायला तडकलेल्या रंगांची चित्रं निवडत होते, त्यात त्या साड्यांचे फोटो होते. मी ते मोठे करून पाहिले. गाठीमुळे तडकलेला रंग गाठीपासून तडकतो, एकीकडे भेगा, दुसरीकडे साफ. या फोटोंत जाळं होतं, सगळीकडे सारखं, छापाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तव्याजवळच्या थेंबासारखं. चेंबर जास्त तापवला होता, माल लवकर काढायला. जे तू दारात उभा राहून एका वाक्यात सांगितलंस, ते पाहायला मला वर्ष लागलं. मग मी बरणी आणणाऱ्या माणसाला फोन करून सहज विचारावं तसं विचारलं. तो म्हणाला, बरणी तीन दिवस शेठच्या कपाटावर होती, खिडकीशी, झाकण सैल. आणताना रिक्षात हिंदकळून गळायला लागली, म्हणून त्यानं झाकण घट्ट लावलं. साय त्या बरणीत धरली होती. ढवळली ती रिक्षाच्या धक्क्यांनी.

आणि मी गप्प बसले. मूग गिळण्यात मी तुझीच बहीण. अहवाल मागे घ्यायचा तर आधी तुझ्यासमोर उभं राहून सांगायला हवं होतं, आणि ते मला होईना. उद्या सांगू, राखीला सांगू, असं करत राहिले.

राखीला आले. तुला राखी बांधली, वहिनीनं खीर वाढली. मी उठायला लागले तशी तू म्हणालास, "थांब. पानी पी. तुले एक चीज दखाडनी शे." आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या माठाकडे पाहिलंस. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तू मला थांब म्हणत होतास. माझ्या मनात आलं, आता हा अहवालाचा विषय काढणार.  मी म्हटलं, "पुढच्या वेळी, दादा. खाली रिक्षा उभी आहे."

खाली रिक्षा नव्हती. मी दिंडोलीच्या नाक्यापर्यंत चालत गेले, उन्हात, नवी साडी नेसून.

दिवाळीलाही मी यायचं टाळलं, आणि पुढची वेळ म्हणजे तू अंगणात चटईवर होतास. मी कशी आले, कोण काय बोललं, ते लिहिण्यात अर्थ नाही. तुला नेल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "घरमधलं भरेल पानी ओती टाका." माणूस गेलं की भरलेलं पाणी घरात ठेवायचं नसतं. बायका हंडे, कळशा, बादल्या ओतायला लागल्या. मी घरची लेक म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि तिवईवरचा माठ उचलला. भरलेला होता, जड. तूच सकाळी भरला असशील. मी तो दारात नेऊन ओतला आणि भिंतीशी पालथा घातला. उचलताना मला तिवईच्या तीन पायांमध्ये, खाली, ओल्या फडक्याचं काहीतरी दिसलं होतं. मला वाटलं, माठ पाझरतो म्हणून वहिनीनं पोतेरं ठेवलंय.

मग तेरा दिवस मी तुझ्या घरी राहिले. माझी बसायची जागा ठरून गेली होती, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून, त्या रिकाम्या तिवईशेजारी. भेटायला येणारे यायचे, मी सांगायचे तुझ्याबद्दल. फार मानी होता, एकदा धरलं की सोडायचा नाही, माझ्याशीही दीड वर्ष नीट बोलला नाही. हे मी लोकांना सांगत होते! माझं काय चुकलं ते सांगत नव्हते. लोक मान डोलवायचे आणि माझ्याकडेच दयेनं पाहायचे. हात लांब केला असता तर तिवईखाली पोचला असता.

तेराव्याला जेवणं झाली, हारवाला माणूस गेला, आणि वहिनीनं बाजारातून आणलेला नवा माठ धुतला. तिवईखालची फरशी पुसायला ती खाली वाकली आणि तशीच राहिली. मग म्हणाली, "ताई, हाई तर मी पार इसरी गई व्हती."

तिनं डबा बाहेर काढला. आपल्या आईचा पितळी डबा, थोराड, बसका. तोंडावर दुहेरी सुती फडकं बांधलेलं, फडक्यावर उपडी बशी. माठाचा पाझर बशीवर पडायचा, कडेनं फडक्यात मुरायचा, आणि आतली हवा सदा ओली राहायची. डब्याच्या पोटावर चिकटपट्टी, पट्टीवर तुझ्या अक्षरात लॉटचा नंबर. तो नंबर मला पाठ आहे, माझ्या अहवालाच्या पहिल्याच ओळीत आहे.

"तुमना भाऊनी ठेयेल शे," वहिनी म्हणाली. "मिलनी बरनी भरानं आगोदर, त्याच पिपमधला. माले सांगेत, हात नको लावू, नली ई, तिन्हा हातवरी थेंब टाकी, मंग तिले काही सांगाले नको." ते फडकं सुकलंय का, हे तू रोज कामावरून आल्यावर चपला काढायच्या आधी पाहायचास. दीड वर्ष. माझ्याच हातानं थेंब टाकायला लावून राखीला मला हेच दाखवणार होतास.

फडकं कडक झालं होतं. माठ मी ओतला, त्या दिवसापासून त्याला पाणी मिळालं नव्हतं. मी ते सोडताना आत काय असेल ते मला ठाऊक होतं. माझा विषयच तो. थंडीचे दिवस, अंधारा कोपरा, वर फडकं. चार दिवस तो नुसता दाट होत गेला असेल. पाचव्या सहाव्या दिवशी डबा तिरका केला असता तर हलला नसता. तू म्हणशील, बठना. तोवर मी एक थेंब काचेवर टाकू शकले असते, दुसरा तव्याजवळ. पाचव्या दिवशी मी त्या डब्यापासून हातभर अंतरावर बसून तुझ्या हट्टीपणाच्या गोष्टी सांगत होते.

आत रंगाची वडी होती, बोटभर जाड, पांढरीशुभ्र. डब्याच्या कडा सोडून सगळीकडून सारखी आकसलेली. मी ती उपडी करून हातावर घेतली, खिडकीशी नेली, चष्मा काढून डोळ्याशी धरली.

एकही भेग नव्हती, दादा.

मी वहिनीची विळी मागितली. ती म्हणाली, "मोडू नका ना." मी म्हटलं, आत पाहिल्याशिवाय यावर बोलायचा मला हक्क नाही. कडेची एक पट्टी कापली. आतून सगळी सारखी. गाठ नाही, कण नाही, सायीचा दोरा नाही. पट्टी वाकवली, ती रबरासारखी वाकली आणि सोडल्यावर सरळ झाली. तडकली नाही. तुझा रंग चांगला होता. त्याला सावली मिळाली, वेळ मिळाला, आणि तो वाळताना कुणी त्याच्यात हात घातला नाही. माझा प्रयोग तू मेल्यावर आपोआप पार पडला आणि त्याची सुरुवात मी माझ्या हातानं माठ ओतून केली.

दुसऱ्या दिवशी मी शेठला फोन केला. म्हटलं, माझा अहवाल चुकीचा होता, लेखी देते, ते पान दारावरून काढा.  तो अगदी मायेनं म्हणाला, "बेन, हवे ए बधुं शुं काम? भाई तो गया." आता हे सगळं कशाला, भाऊ तर गेला. आणि वर म्हणाला की ते पान चांगलं आहे, नव्या मास्टरला उपयोगी पडतं. मी तरी पत्र पाठवलं. सहा पानांचा अहवाल खोडायला दीड पान पुरलं. बरणीचा पत्ता लिहिला, फोटोंतलं जाळं लिहिलं, वडीची कापलेली पट्टी सोबत जोडली. ते पान काढलं की नाही मला माहीत नाही. नसेलच काढलं. तू असतास तर त्या दारावरून जाताना तरी तुला दिसलं असतं.

पण ते पत्र तुला वाचून दाखवायचं राहिलं होतं, आणि कुठल्या भाषेत ते तू सांगून ठेवलं होतंस. काल मी दिंडोलीला आले. वहिनीनं नवा माठ तिवईवर ठेवलाय, खालची जागा रिकामी आहे. तुझा फोटो माठाच्या वरच्या भिंतीवर लावलाय. तो चंदनाचा हार मी काढून टाकला. फोटोसमोर पत्र घेऊन उभी राहिले आणि अहिराणीत सांगायला लागले. दीड पानातलं काही अहिराणीत येईना. बरणी येईना, उष्णता येईना, 'पूर्वीचा निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे' तर मुळीच येईना. मी कागद खाली ठेवला. शेवटी जे तोंडातून आलं ते एवढंच.

"दादा, चूक मन्ही शे. तुन्ही नही."

वहिनी माझ्या मागे उभी होती. माझं अजून काही बोलणं होईल म्हणून ती थांबली. मी खाली ठेवलेला कागद उचलला, तेव्हा तिनं विचारलं, "इतलंच व्हतं?"

हो, दादा. इतकंच होतं.